हताशेतून क्रांती होत नाही

जीवनाला अर्थ कशाने येतो, संकटात माणूस कशाच्या बळावर उभा राहतो, सुखसमाधान म्हणजे नेमके काय, हे प्रश्न समाजवादी चळवळीने फार काळ प्रवचनकारांवर सोपवून दिले होते. पोटाचा प्रश्न सुटला की मनाचा प्रश्न आपोआप सुटेल, अशी त्यामागची समजूत होती. आता त्या मोकळ्या जागेत नवे व्यापारी शिरले आहेत. मनाची लवचिकता वाढविण्याचे वर्ग कारखान्यांच्या आणि कंपन्यांच्या खर्चाने भरविले जातात. सकारात्मक विचार करा, कृतज्ञतेची वही लिहा, तक्रार करू नका, असा उपदेश पगारवाढ नाकारली गेलेल्या कामगाराला त्याच दिवशी केला जातो. दुःखाचे कारण व्यवस्थेत नसून दुःख भोगणाऱ्याच्या मनोवृत्तीत आहे, असे त्याला शास्त्राच्या नावाने पटविले जाते.

या उपदेशाला विरोध करताना कार्यकर्त्यांकडून दुसरी एक चूक होते. मनाचा विचार म्हणजे मध्यमवर्गाची चैन, असे म्हणून ते हा विषयच उडवून लावतात. त्याच्या जोडीला आणखी एक जुनी श्रद्धा असते. परिस्थिती जितकी बिकट होईल तितकी जनता लवकर पेटून उठेल, ही ती श्रद्धा. या दोन्ही भूमिकांची परीक्षा सुमारे नव्वद वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातील एका खेड्यात झाली आहे, आणि ती परीक्षा घेणारे स्वतः समाजवादी होते. म्हणून ती हकीकत पक्षकार्यकर्त्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

व्हिएन्नाच्या आग्नेयेस मारिएन्थाल नावाची कामगारवस्ती होती. 1830 साली तेथे कापडगिरणी निघाली आणि गिरणीभोवतीच गाव वाढले. जागतिक मंदीच्या लाटेत 1929-30 मध्ये गिरणी बंद पडली. गावात 478 कुटुंबे होती. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबे बेकारभत्त्यावर येऊन पडली. पॉल लाझार्सफेल्ड, मारी याहोदा आणि हान्स झाइझेल या तरुण समाजशास्त्रज्ञांनी 1931-32 च्या हिवाळ्यात आपल्या सहकाऱ्यांसह या गावाचा अभ्यास केला. लाझार्सफेल्ड यांच्या मनात प्रथम कामगारांच्या फावल्या वेळाचा अभ्यास करावयाचे होते. ऑस्ट्रियन समाजवाद्यांचे नेते ओटो बाउअर यांनी त्यांना फटकारले. लाखो लोक बेकार असताना फावल्या वेळाचा अभ्यास कसला करता, बेकारीचा करा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

या अभ्यासाची रीतही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गावात कोणीही केवळ बघ्या म्हणून जावयाचे नाही, प्रत्येकाने गावाच्या उपयोगी पडेल असे काही काम करीतच माहिती गोळा करावयाची, असा दंडक होता. व्हिएन्नात गोळा केलेले जुने कपडे गावात वाटण्यात आले. डॉक्टरांनी रोगी तपासले. बायकांसाठी कपडे बेतण्याचे वर्ग चालले. हे करता करता घराघरांतील चूल, कपाट, मुलांचा डबा आणि माणसांचा दिवस यांची नोंद होत गेली.

संशोधकांपुढे एक सोपा प्रश्न होता. एवढा रिकामा वेळ हाती आल्यावर कामगारांनी त्याचे काय केले? कामाचे तास कमी व्हावेत म्हणून ज्यांच्या बापजाद्यांनी लढे दिले, त्यांना आता चोवीस तास मोकळे मिळाले होते. गावात कामगारांचे ग्रंथालय होते. पण 1929 ते 1931 या दोन वर्षांत तेथून वाचावयास नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. पक्षाच्या वैचारिक दैनिकाचे वर्गणीदार फार मोठ्या प्रमाणात घटले, तर पक्षाच्याच करमणूकप्रधान पत्राचे त्या मानाने बरेच कमी घटले. पूर्वी गावाचे भूषण असलेली बाग कोणी निगा राखीना म्हणून तणाने भरून गेली. तेथे हात रिकामे होते आणि वेळही भरपूर होता, हे विसरता कामा नये.

रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांची चालही मोजण्यात आली. पुरुष थोडे चालत, थांबत, पुन्हा रेंगाळत. बायका त्यांच्यापेक्षा पुष्कळ झपाट्याने जात, कारण त्यांच्यामागे चूल आणि मुले होती. पुरुषांपैकी अनेकांनी घड्याळ वापरणेच सोडून दिले होते. दिवसभर काय केले हे लिहून द्या असे सांगितले असता, उठणे, दुपारचे जेवण आणि झोपणे एवढ्या तीनच गोष्टी त्यांना आठवत. मधल्या काळाचा हिशेब लागत नसे. गिरणीचा भोंगा बंद पडला तेव्हा केवळ पगार थांबला नव्हता, दिवसाचा सांगाडाच मोडला होता.

मग या दुरवस्थेतून बंड उसळले काय? नाही. सभा ओस पडल्या. शेजारी मात्र परस्परांवर पाळत ठेवू लागले. भत्ता घेणाऱ्याने कोणतेही काम करावयाचे नाही असा नियम होता. झाडे तोडण्यास मदत करून थोडे सरपण घरी नेले म्हणून एकाचा भत्ता बंद झाला. तोंडाने बाजा वाजवून चार पैसे मिळविले म्हणून दुसऱ्याचा बंद झाला. अशा निनावी तक्रारींची संख्या गावात वाढत गेली आणि त्यांतील पुष्कळशा खोट्या निघाल्या. ज्या कायद्याने माणसाला जगवावयाचे, त्याच कायद्याने त्याला हात हलविण्याची बंदी केली आणि शेजाऱ्याला चुगलखोर बनविले. मालकाविरुद्ध एकवटावयाची शक्ती अशा रीतीने शेजाऱ्याविरुद्ध खर्ची पडली. हताशा माणसाला आक्रमक करीत नाही, प्रथम ती त्याला एकाकी करते, हा मारिएन्थालचा पहिला धडा होय.

दुसरा धडा अधिक मोलाचा आहे. संशोधकांनी 100 कुटुंबांचा बारकाईने अभ्यास करून त्यांची चार गटांत विभागणी केली. 16 कुटुंबे न मोडलेली होती. ती पुढचे बेत आखीत होती आणि काम शोधीत होती. 48 कुटुंबांनी परिस्थितीपुढे मान तुकविली होती. घर आणि मुले ती नीट सांभाळीत, पण भविष्याविषयी बोलत नसत. 11 कुटुंबे निराशेने घेरलेली होती. उरलेली 25 कुटुंबे पूर्ण उदासीन झाली होती. त्यांना ना घराची शुद्ध, ना मुलांची. आता या चार गटांचे दरमहाचे, दर प्रौढ माणशी धरलेले उत्पन्न पाहावे. न मोडलेल्यांचे 34 शिलिंग, मान तुकविलेल्यांचे 30, निराश झालेल्यांचे 25 आणि उदासीनांचे 19. मनाची जी अवस्था चारित्र्याचा, संस्कारांचा किंवा धैर्याचा प्रश्न म्हणून सांगितली जाते, ती चार-पाच शिलिंगांच्या फरकाबरोबर बदलत होती. पैसा हेच सर्वस्व आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्याच उत्पन्नात कोणी टिकले आणि कोणी खचले, अशी उदाहरणे त्या गावात होतीच. परंतु धैर्यालाही अन्न लागते. ज्याच्या घरातील भत्ता टप्प्याटप्प्याने कमी होत शेवटी बंदच होणार आहे, त्याला लवचिकतेचे व्याख्यान देणे हे क्रौर्य आहे.

तिसरा धडा समाधानाविषयीचा. मान तुकविलेल्या त्या 48 कुटुंबांत एक प्रकारचे समाधान होते, असे संशोधकांनी नमूद केले आहे. आज कोणी प्रश्नावली घेऊन त्यांच्याकडे गेला असता, तर ती कुटुंबे सुखी म्हणून नोंदली गेली असती. पण त्या समाधानाची किंमत काय होती? गावातील मुलांना नाताळात काय हवे ते लिहावयास सांगितले गेले. त्यांनी मागितलेल्या वस्तूंची किंमत सरासरी 12 शिलिंग भरली. आसपासच्या गावांतील मुलांच्या मागण्यांची सरासरी किंमत 36 शिलिंग होती. मारिएन्थालच्या मुलांची इच्छाच तिपटीने आखडली होती. आहे त्यात समाधान मानावे, हा उपदेश भारतीय घराघरांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्यात संयमाचा जो अंश आहे त्याला कोणी नावे ठेवणार नाही. पण मागणेच विसरलेल्या माणसाचे समाधान आणि मिळवून तृप्त झालेल्या माणसाचे समाधान यांत भेद आहे. हा भेद जे मोजमाप करू शकत नाही, ते सुखाचे मोजमाप नव्हे.

याच व्हिएन्नात त्याच काळात व्हिक्टर फ्रांकल नावाचा तरुण डॉक्टर काम करीत होता. पुढे हिटलरच्या छळछावण्यांतून जिवंत परत येऊन 1946 साली त्याने लिहिलेला ग्रंथ जगभर गाजला. ‘अर्थाचा शोध’ हे शब्द आज ज्यांच्या तोंडी असतात, त्यांपैकी बहुतेकांचा आधार फ्रांकल हाच असतो. कोणत्याही परिस्थितीत आपली भूमिका निवडण्याचे स्वातंत्र्य माणसाकडे उरते, हे त्याचे प्रतिपादन. छावणी भोगलेल्या माणसाच्या तोंडी ते विधान आदरास पात्र आहे. पण तेच विधान नोकरकपात करणाऱ्या व्यवस्थापकाच्या तोंडी आले की त्याचा अर्थ पालटतो.

शिवाय फ्रांकलच्या आयुष्यातील एक गोष्ट हे लोक सांगत नाहीत. किशोरवयात तो व्हिएन्नाच्या समाजवादी युवक संघटनेत होता. मंदीच्या काळात बेकार तरुणांवर उपचार करीत असता त्याला एक विशेष प्रकारचे नैराश्य आढळले, आणि 1933 मध्ये त्याने त्यावर लेख लिहिला. काम नाही म्हणजे आपण निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे आपले जिणे निरर्थक, असे समीकरण हे तरुण मनाशी मांडीत. फ्रांकलने त्यांना एकांतात बसून अर्थ शोधावयास सांगितले नाही. युवक संघटना, प्रौढशिक्षण, सार्वजनिक वाचनालये अशा ठिकाणी बिनपगारी काम करावयास त्याने त्यांना लावून दिले. भूक तशीच राहिली, पण नैराश्य ओसरले, असा त्याचा अनुभव आहे. म्हणजे अर्थ सापडला तो संघटनेत, दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यात. भूक मात्र त्याने शमली नाही, हेही तितकेच खरे. फ्रांकल आणि मारिएन्थाल यांना एकत्र वाचले तरच संपूर्ण सत्य हाती येते. भाकरीवाचून अर्थ फार काळ टिकत नाही, आणि नुसत्या भाकरीने माणूस उभा राहत नाही.

मारिएन्थालवरील पुस्तक 1933 साली निघाले तेव्हा जर्मनीत हिटलर सत्तेवर आलेला होता. लेखकांची नावे ज्यू असल्यामुळे ती मुखपृष्ठावर छापलीच गेली नाहीत. 1934 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियातील समाजवादी चळवळ बंदुकीच्या बळावर चिरडण्यात आली. याहोदा भूमिगत काम करीत राहिल्या, 1936 मध्ये त्यांना तुरुंगवास घडला आणि 1937 मध्ये देश सोडावा लागला. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी या विषयाचा पुन्हा विचार केला. नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते, असे त्यांनी 1980 च्या सुमारास मांडले. ती दिवसाला आकार देते, घराबाहेरच्या माणसांशी संबंध जोडते, एकट्याच्या आवाक्याबाहेरच्या कार्यात माणसाला सहभागी करते, समाजात त्याला स्थान देते आणि त्याला नियमित हालचाल करावयास लावते. मारिएन्थालमध्ये या पाचही गोष्टी गिरणीबरोबर नाहीशा झाल्या होत्या.

मुंबईच्या गिरणगावाला हे वेगळे सांगावयास नको. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारो कामगारांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही आणि कालांतराने त्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा आणि घरांचा हिशेब पुढे अनेक वर्षे मांडला गेला, आणि तो मांडणे आवश्यकच होते. पण पाळीच्या भोंग्याबरोबर जे गेले त्याचा हिशेब कोणी मांडला? कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसाला गावकऱ्यांचा गाळा, व्यायामशाळा, भजनी मंडळ, कामगार रंगभूमी, युनियनची कचेरी यांनी मुंबईत माणूस म्हणून ओळख दिली होती. त्या सर्वांचा आधार गिरणी होता. ती गेल्यावर कोणी गावी परतला, कोणी इमारतीच्या दाराशी रखवालदार म्हणून उभा राहिला. त्याचे दुःख केवळ कमी पगाराचे नव्हते.

त्याच गिरणगावाने टिकून राहण्याची रीतही दाखविली आहे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जात पिचलेल्या होत्या. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि कामगार चळवळीत घडलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज एकमेकींच्या जामिनावर मिळू लागले. प्रत्येक बाई घरात एकटी राबत होती तोवर तिचे काम हे कामच नव्हते. मंडळात आल्यावर तीच उद्योग करणारी, बँकेत सही करणारी स्त्री ठरली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमालांची पंचायत उभी केली, तिने 1974 मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र काढले. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला स्वस्त आणि पोटभर जेवण मिळावे, हा त्याचा हेतू. ते केंद्र आपल्या संघटनेचे आहे, ही भावना त्या जेवणाबरोबर आली. मनोधैर्य वाढविणारे व्याख्यान या दोन्ही ठिकाणी कोणी दिले नव्हते. तेथे होते कर्ज, जेवण, हक्काची जागा आणि सोबत.

आजचे मारिएन्थाल एका गावात नाही, ते विखुरलेले आहे. पुण्याच्या पेठांत स्पर्धापरीक्षांची तयारी करीत वर्षांमागून वर्षे घालविणारी शेतकऱ्यांची मुले पाहावीत. जागा थोड्या, उमेदवार अफाट. वय वाढत जाते, गावी तोंड दाखवावेसे वाटत नाही आणि अपयश मात्र वैयक्तिक मानले जाते. शहराच्या रस्त्यांवर मोबाइलच्या हुकमाने जेवणाचे डबे पोहोचविणारे तरुण पाहावेत. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात अशा प्रकारच्या कामगारांची संख्या 2020-21 साली 77 लाख असल्याचा अंदाज दिला आहे. या तरुणांना काम आहे, परंतु याहोदा यांनी सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी हालचाल तेवढी भरपूर आहे. त्यांना ठरलेली पाळी नाही, शेजारी उभा राहणारा सोबती नाही, ज्याच्याशी भांडावे असा समोर दिसणारा मुकादमही नाही. बेकारी नसतानाही बेकाराचा एकाकीपणा त्यांच्या वाट्याला आला आहे.

यावर उपाय नाही असे नाही, आणि त्याची चाचणी त्याच मारिएन्थालमध्ये झाली आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये तेथील रोजगार खात्याने एक प्रयोग सुरू केला. वर्षभराहून अधिक काळ बेकार असलेल्या गावातील प्रत्येक इच्छुकाला योग्य वेतनाचे काम देण्याची हमी देण्यात आली. सक्ती कोणावरही नव्हती. प्रयोग 2024 पर्यंत चालला. ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याची पाहणी केली. गावातील दीर्घकालीन बेकारी जवळजवळ नाहीशी झाली. काम मिळालेल्यांच्या दिवसाला पुन्हा आकार आला, लोकांत मिसळणे वाढले, मनःस्वास्थ्य सुधारले. शरीरप्रकृतीत मात्र तेवढ्या काळात फरक आढळला नाही. तो न आढळल्याचे अभ्यासकांनी नोंदविले, म्हणून उरलेल्या निष्कर्षांवर विश्वास बसतो.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या मोर्च्यांनी आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीने रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. भीक नको, काम द्या, हा त्या मोर्च्यांचा आशय होता. मदत म्हणून मिळणारे धान्य आणि हक्क म्हणून मिळणारे काम यांतील अंतर त्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या मजुरांना व्हिएन्नाचे एकही पुस्तक न वाचता कळले होते. तो हक्क ग्रामीण भागात सतत आकुंचित केला जातो आणि शहरात तो मुळातच नाही. शहरी रोजगार हमीची मागणी म्हणूनच केवळ आर्थिक मागणी नव्हे. ती माणसाच्या आत्मसन्मानाची मागणी आहे.

मागणी मान्य होईपर्यंत कार्यकर्त्याने काय करावे? हताश माणूस आपल्या पायांनी सभेला येईल, ही अपेक्षा त्याने प्रथम सोडावी. मारिएन्थालच्या संशोधकांप्रमाणे हाती काही उपयोगी काम घेऊन त्याच्या दारी जावे. पक्षाची कचेरी निवडणुकीपुरती न उघडता रोज ठरावीक वेळी उघडावी. तेथे वर्तमानपत्र असावे, अर्ज लिहून देणारा कोणी असावा. परीक्षेत अपयश आलेल्या मुलाने वस्तीतील मुलांना शिकवावे आणि त्याच्या त्या कामाची चारचौघांत कदर व्हावी. डबे पोहोचविणाऱ्यांना दोन घटका बसता येईल, पाणी पिता येईल, एकमेकांची नावे कळतील असा एखादा कट्टा वस्तीत असावा. युनियन तेथूनच सुरू होते.

ही कामे लहान वाटतील, आणि ज्यांना केवळ मोठ्या लढ्याची भाषा बोलावयाची सवय आहे त्यांना ती समाजसेवा वाटतील. परंतु लढा लढणारी माणसे आधी उभी असावी लागतात. ज्याच्या घरी चूल पेटलेली आहे, ज्याच्या दिवसाला आकार आहे आणि ज्याला नावाने हाक मारणारे चार सोबती आहेत, तोच अन्यायाविरुद्ध हात उंचावतो. असा माणूस घडविणे हे राजकारणाबाहेरचे काम नव्हे. समाजवादी राजकारणाचा पाया तोच आहे.